डबा भरलेला, तरी उपाशी: आपल्या पंगतीचा इतिहास



मानसिक आरोग्य हा शब्द आता आपल्या वस्त्यांपर्यंत पोचला आहे आणि ते बरेच झाले. कॉलेजात व्याख्याने होतात, मोबाइलवर छोटे व्हिडिओ फिरतात. त्यातला सल्ला साधारण सारखाच असतो. नीट जेवा, वेळेवर झोपा, माणसांत मिसळा, मनातले कुणाजवळ तरी बोला. सल्ला चुकीचा नाही, शास्त्र त्याच्या बाजूने आहे. माझी हरकत वेगळी आहे. हा सल्ला देणारे असे धरून चालतात की भरलेले ताट आणि जिव्हाळ्याची माणसे सगळ्यांच्या दारात उभीच आहेत, आपण आळसाने त्यांना आत घेत नाही एवढेच. ज्या देशात कुणी काय खायचे, कुणाच्या पंक्तीला बसायचे आणि कुणी उष्ट्यावर जगायचे हे शतकानुशतके जातीने ठरवले, तिथे हा सल्ला इतिहास वगळून देता येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. अस्पृश्यतेने आपल्या लोकांना दोन प्रकारे उपाशी ठेवले, अन्नाविना आणि माणसांविना. बाबासाहेबांच्या चळवळीने या दोन्ही भुकांवर मिळून एक इलाज उभा केला, तो म्हणजे वसतिगृह आणि तिथली पंगत. आज ती पंगत मोडली जात आहे आणि आपण मात्र मुलांना 'टेन्शन घेऊ नको' असे सांगत बसलो आहोत.

सुरुवात १९०१ सालापासून करू. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटायला बोलावले होते. भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुले अशी ही पोरे नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून एकाची बैलगाडी मिळाली, तीही अशी की मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. रात्र झाली. सोबत जेवणाचा डबा होता आणि तो भरलेला होता. पोटात भूक होती. पण प्यायला पाणी नव्हते, आणि महारांच्या पोरांना पाणी द्यायला वाटेत कुणी तयार नव्हते. टोलनाक्यावर मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. मुले न जेवता झोपली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे सगळे लिहून ठेवले आहे.

आता हा प्रसंग एखाद्या आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात बसवून पाहा. डब्यात उष्मांक होते, प्रथिने होती, घरच्या माणसाने मायेने बांधून दिलेले अन्न होते. कमतरता कशाचीच नव्हती. तरी चार पोरे उपाशी झोपली, कारण आजूबाजूच्या एकाही माणसाने त्यांना माणसात धरले नाही. अन्न असणे आणि अन्न पोटात जाणे यांच्यामध्ये समाज उभा असतो. आपल्याकडे तो नाक्यावरच्या टोलवाल्यासारखा उभा होता.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तेव्हा वर्गातली मुले उठून धावली, कारण त्यांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते आणि ते बाटले असते. ही गोष्ट धनंजय कीरांच्या चरित्रात आहे, बहुतेकांनी वाचली असेल. आपण ती अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शाळेत मैत्री डब्यावर जुळते. 'तुझ्या डब्यात काय आहे' या प्रश्नापासून जुळते. ज्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारायचाच नाही, त्याच्या वाट्याला मधल्या सुट्टीत काय येत असेल?

आणि मग १९१७ सालचे बडोदे. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला माणूस संस्थानच्या नोकरीत रुजू होतो आणि त्याला गावात राहायला खोली मिळत नाही. पारशी नाव घेऊन तो पारशांच्या धर्मशाळेत राहतो. वरच्या मजल्यावर तो एकटा, दुसरे कुणीही नाही, रात्री अंधार आणि वटवाघळांची फडफड. बोलायला माणूस नाही म्हणून तो पुस्तकांत डोके घालतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी येतात आणि त्याला बाहेर काढतात. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघेही घरात घ्यायला कचरतात. मुंबईच्या गाडीची वाट पाहत तो कामाठी बागेत बसून राहतो. याच माणसाने अगदी आदल्या काही वर्षांत न्यूयॉर्कमध्ये नवल भथेनासारख्या पारशी मित्राबरोबर एका वसतिगृहात दिवस काढले होते, कुणाच्याही शेजारी बसून जेवला होता, आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली होती. बडोद्यात त्याची बुद्धी तीच होती, पदव्या वाढल्या होत्या, पगार होता. फक्त सोबत काढून घेतली होती. त्या अकरा दिवसांविषयी बाबासाहेब जे लिहितात ते वाचताना मला नेहमी वाटते की एकटेपणाचे असे वर्णन आपल्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत का नाही.

म्हणून 'बहिष्कृत' हा शब्द नीट लक्षात घ्या. १९२४ मध्ये संस्था काढली ती बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२७ मध्ये पाक्षिक काढले ते 'बहिष्कृत भारत'. गरीब, दलित, मागास असे शब्द हाताशी असताना बाबासाहेबांनी बहिष्कृत हा शब्द धरला. जो पंगतीबाहेर, पाणवठ्याबाहेर, वेशीबाहेर, तो बहिष्कृत. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीने १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे शस्त्र कसे चालते ते सांगितले आहे: रस्ता बंद, मजुरी बंद, वाण्याने मीठमिरची देणे बंद. बाबासाहेबांनी हाच पुरावा गोलमेज परिषदेत मांडला आणि बहिष्कार टाकणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे अशी मागणी केली. वाण्याने मीठ बंद करणे आणि शेजाऱ्याने बोलणे बंद करणे या एकाच हुकमाच्या दोन बाजू होत्या. पोट आणि मन वेगवेगळे करून मारण्याची गरज गावाला कधी पडली नाही.

उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन घटणार हे ठाऊकच होते. पण ते तरुण चिडचिडे झाले, खिन्न झाले, त्यांचे लक्ष कशात लागेना, दिवसभर डोक्यात फक्त अन्नाचे विचार. आणि ते माणसांतून उठले. गप्पा नकोत, मित्र नकोत, हसणे नको. हे सगळे धडधाकट, स्वतःच्या मर्जीने आलेले तरुण होते आणि त्यांना प्रयोग संपण्याचा दिवस माहीत होता. आपल्या पणजोबांना संपण्याचा दिवस माहीत नव्हता. गावचा पाटील ज्याला 'घुम्या', 'आळशी', 'उलट्या काळजाचा' म्हणायचा त्या माणसाच्या पोटात त्या दिवशी काय होते, हे कुठल्याही गॅझेटियरमध्ये लिहिलेले नाही. जातीचा 'स्वभाव' म्हणून जे सांगितले गेले त्यातले किती जातीने दिलेल्या भुकेचे लक्षण होते, याचा हिशेब समाजशास्त्राने अजून मांडायचा आहे.

शरीरातली यंत्रणा फार अवघड नाही. लोह कमी पडले की रक्त प्राणवायू कमी वाहते, दम लागतो, चिडचिड होते, वाचलेले डोक्यात राहत नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा येतो, मन उतरते. ते मिळते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. आपल्या घरात आई सगळ्यांत शेवटी जेवते, भांड्याच्या बुडाला राहिलेले खाते आणि मग आपण म्हणतो की हल्ली आई फार चिडते.

इथे एक अवघड मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. चान्या, रक्ती, वशाट, हे सगळे. वाचताना स्पष्ट होते की दूध, तूप, डाळी ज्यांच्यापर्यंत पोचूच दिल्या नाहीत त्यांनी गुराच्या एकेका भागाचा उपयोग करून जीव जगवला. पोषणाच्या भाषेत बोलायचे तर त्या मांसाने आपल्या पूर्वजांना लोह आणि प्रथिने दिली. मग बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मृत जनावराचे मांस आणि गावाचे भाकरतुकडे सोडायला का सांगितले?

कारण ते अन्न एका अटीवर मिळत होते. येसकराने घुंगराची काठी घेऊन दारोदार हाक द्यायची, वरून भाकर टाकली जाणार, ती पदरात किंवा टोपलीत झेलायची, आणि दिलेल्या शिळ्या तुकड्याबद्दल मान खाली घालायची. हे अन्न पोट भरत असे आणि ते रोज तुझी जागा कुठे आहे हेही सांगत असे. बाबासाहेबांनी हे ओळखले की जे अन्न खाताना माणसाला स्वतःची लाज वाटते ते त्याच्या अंगाला लागत असले तरी मनाला लागत नाही. टीकाकारांनी पैशाचा हिशेब काढला. कातडे, शिंगे, हाडे सोडल्याने महारांचे किती नुकसान होते, हा प्रश्न त्यांना पुढे कित्येक वर्षे ऐकवला गेला. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी या हिशेबाला उत्तर दिले. हिशेब करणाऱ्यांना फक्त रुपये मोजता येत होते.

पण ही गोष्ट आजच्या गोष्टीत मिसळू नका. मेलेल्या गुराचे मांस सोडा हा एका पुढाऱ्याने स्वतःच्या माणसांना दिलेला स्वाभिमानाचा कार्यक्रम होता. २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशाच्या मांसावर जी कायद्याने बंदी आली ती गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन काढून घेणारी आहे, आणि तीही त्याला न विचारता. ही दोन्ही एकच आहेत असे सांगणारे आपल्यातही काही आहेत, त्यांनी बाबासाहेब पुन्हा वाचावेत.

महाडचाच आणखी एक तपशील. मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्या लोकांसाठी प्यायचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. चवदार तळे तिथेच, पण पाणी विकत. २० मार्चला लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि मंडपाकडे परतले. त्यानंतर देवळात शिरणार अशी अफवा उठवून गावगुंडांनी हल्ला केला तेव्हा मंडपात काही लोक जेवत होते. हल्लेखोरांनी माणसांना मारलेच, शिजवलेले अन्नही मातीत मिळवले. एकत्र बसून ताठ मानेने जेवणारी माणसे त्यांना तळ्याइतकीच खुपली. डिसेंबरच्या परिषदेला, जिथे मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा गावचे दुकानदार काही देणार नाहीत हे गृहीत धरून शिधा आधीच भरून ठेवला होता. आपल्या इतिहासात ठराव, भाषणे, मिरवणुका यांची नोंद आहे. हजारो माणसांना कुणी शिजवून घातले, पिठाची पोती कुणी वाहिली, याची नोंद शोधावी लागते.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे वसतिगृहांकडे.

मिस क्लार्क वसतिगृह शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उभे केले. शाळा उघडल्या तरी मूल टिकत नाही, कारण शहरात त्याला खोली कोण देणार आणि खानावळीत कोण वाढणार, हे महाराजांना कळले होते. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन महाराज स्वतः चहा प्यायचे, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. राजाने महाराच्या हातचा चहा प्यायला ही बातमी झाली. खरी बातमी ही होती की गंगाराम कांबळेंना आता भर चौकात गिऱ्हाईक मिळणार होते.

बहिष्कृत हितकारिणी सभेचे पहिले मोठे काम कोणते? ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात वसतिगृह. पक्ष नाही, पुतळा नाही. मुलांची राहण्याजेवणाची सोय. आणि त्या जोडीला काय काय होते ते पाहा. मुले 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढत. मुंबईत सभेचे वाचनालय होते, तरुण व्यसनाला लागू नयेत म्हणून हॉकीचा क्लब होता. ताट, पुस्तक, खेळ आणि चार मित्र. आज ज्याला 'सपोर्ट सिस्टीम' म्हणतात ती शंभर वर्षांपूर्वी चाळीस-पन्नास रुपयांच्या तुटपुंज्या मदतीवर चालत होती. १९२८ मध्ये वेगळी शिक्षण संस्था काढून पुढे पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशी वसतिगृहे चालवली गेली.

खेड्यातून आलेल्या पोरासाठी ही पंगत म्हणजे काय होती, याची कल्पना करा. घरी भाकर होती तेव्हा सगळ्यांनी वाटून, नव्हती तेव्हा कुणीच नाही. शाळेत वेगळे गोणपाट. गावच्या लग्नात जेवण शेवटी, तेही उकिरड्याच्या कडेला. आणि इथे रोज ठरल्या वेळी घंटा होते, ताटल्या मांडल्या जातात, आमटी सगळ्यांना सारखी मिळते, शेजारचा मुलगा विचारतो की तुझे गाव कुठले. दोन वेळच्या जेवणाची खात्री झाली की मूल उद्याचा विचार करू लागते. शेजारी आपल्यासारखाच मुलगा बसला आहे हे दिसले की 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' हा गावाने मनात घातलेला विचार सैल होतो. डॉक्टर नसलेल्या काळातला हा उपचार होता.

धारवाडच्या वसतिगृहाची आठवण आपण रमाई जयंतीला दरवर्षी ऐकतो. रमाई तिथे वराळे कुटुंबाकडे राहायला गेल्या होत्या. अनुदान आले नव्हते, शिधा संपला होता, मुले उपाशी होती. रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले, तिथेही लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. दोन्ही गोष्टी आपण त्यागाच्या गोष्टी म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. मला त्यातला एक शब्द खटकतो: अनुदान आले नव्हते. म्हणजे तेव्हाही सरकारी पैसा उशिरा येत होता आणि तो उशीर बायकांच्या अंगावरून वसूल होत होता. आज शिष्यवृत्ती आठ-आठ महिने लांबते तेव्हा गावाकडे कुठली आई कुठला डाग गहाण टाकते, हे आमच्यासारख्या वस्तीत काम करणाऱ्यांना ठाऊक असते.

कुणी विचारेल, मग सवर्ण सुधारकांच्या सहभोजनांचे काय? त्या काळी ती बरीच झाली. समाज समता संघाने १९२७ नंतर सहभोजने घडवली, त्यात बाबासाहेबांचे सहकारी होते. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण काढला. माणसे प्रामाणिक होती, त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. पण १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले की नुसत्या एकत्र जेवणाने जात मरत नाही, रक्ताची नाती जुळल्याशिवाय परकेपणा जात नाही, आणि जातीच्या मुळाशी शास्त्रांवरची श्रद्धा आहे. वर्षातून एकदा मंडपात शेजारी बसणे वेगळे आणि वर्षभर एका छताखाली जेवणे वेगळे. लोकशाही म्हणजे एकमेकांत मिसळून जगणे, अनुभवांची देवाणघेवाण, असे त्याच ग्रंथात ते सांगतात. एका दिवसाच्या झुणका-भाकरीत ती देवाणघेवाण होत नाही. वसतिगृहात होते.

आणि सुशिक्षितांची पंगत म्हणजे समतेची पंगत असेही नाही. १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. जाईबाई चौधरी, ज्यांनी त्या शहरात अस्पृश्य मुलींची शाळा चालवली, त्यांना जेवणाच्या वेळी वेगळे बसवले गेले. स्त्रियांच्या हक्कांची परिषद होती ती! आपल्या बायका गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी स्वतःची सभा घेऊन निषेध केला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हा इतिहास नोंदवून ठेवला म्हणून आज आपल्याला तो माहीत आहे.

वसतिगृहाच्या पंगतीतून काय उगवले ते औरंगाबादला दिसते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तिथे कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी राजवटीतून नुकताच बाहेर पडलेला मराठवाडा, आणि खेड्यापाड्यातून आलेली मुले नागसेनवनात राहून शिकू लागली. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते विद्यार्थ्यांनी केले. तिथल्याच वातावरणात गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या रात्रीच्या गप्पांशिवाय १९७२ ची दलित पँथर समजत नाही. दलित साहित्य एकेका प्रतिभावंताने खोलीत बसून लिहिले, असे समीक्षक लिहितात. त्या खोलीत तिघे-चौघे राहत होते आणि एका डब्यात जेवत होते, हे ते लिहीत नाहीत.

आता आज.

२०१८ मध्ये राज्य सरकारने शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांच्या मेस बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या बँक खात्यात टाकायचे ठरवले. आदिवासी विद्यार्थी त्या जुलैत पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांची मागणी काय होती? पैसे नकोत, मेस द्या. शहरातल्या पुष्कळ शहाण्यांना ती मागणी विचित्र वाटली. हातात रोख मिळत असताना मेस कशाला? त्या पोरांना जे कळले ते शहाण्यांना कळले नाही. खात्यात उशिरा आलेले पैसे आधी घरी जातात, मोबाइलच्या रिचार्जला जातात, परीक्षेच्या फॉर्मला जातात, आणि मूल वडापाववर दिवस काढते. शिवाय मेस बंद झाली की दिवसातून दोनदा एकत्र येण्याचे कारणच संपते. मग कोण चार दिवस जेवायला आला नाही, कोण खोलीतून बाहेर पडत नाही, हे कुणाच्या लक्षात येणार?

आपल्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले ३२,००० जेवणाचे. योजना वाईट नाही, अनेकांचे शिक्षण तिच्यामुळे सुटले नाही. पण ३२,००० ला ३६५ ने भागा. दिवसाला ८८ रुपयेही होत नाहीत. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलाला विचारा, ८८ रुपयांत दोन वेळची थाळी, नाश्ता आणि चहा कसा बसवायचा. आणि वसतिगृहाला पर्याय म्हणून रोकड दिली की वसतिगृह बांधायची निकड सरकारला उरत नाही, हा त्यातला खरा डाव. डाव हा शब्द कुणाला जास्त वाटत असेल तर त्यांनी दुसरा सुचवावा.

प्राथमिक शाळेतही तेच. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. अंड्याला विरोध कुणाचा होता हे सांगायला नको. सहा रुपयांचे अंडे, ज्यात ब-१२ असते, ते गरिबाच्या पोराने खाल्ले तर कुणाचा तरी धर्म बाटतो.

वर विद्यापीठात पंगत कशी मोडतात ते आपण हैदराबादला पाहिले. रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथींना वसतिगृहातून काढले, विद्यापीठातल्या सामाईक जागी एकत्र जमायला मनाई केली. मुलांनी उघड्यावर तंबू टाकला आणि त्याला नाव दिले 'वेलिवाडा', म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. त्या मुलांना आपल्यावर काय टाकले आहे ते अचूक कळले होते. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. त्यानंतर टीव्हीवर त्याच्या मनःस्थितीची चर्चा झाली, त्याच्या जातीच्या दाखल्याची झाली. त्याआधी २००७ मध्ये थोरात समितीने दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहांच्या ठरावीक मजल्यांवर कसे एकवटले गेले, मेसमध्ये आणि खेळात त्यांना कसे वेगळे पाडले जाते, हे लिहून ठेवले होते.

माझे बोलणे कुणी उलटे घेऊ नये म्हणून सांगते. डिप्रेशन हा आजार आहे. त्याला डॉक्टर लागतो, कधी गोळ्या लागतात, आणि त्या घेण्यात काहीही कमीपणा नाही. चार मित्र आणि गरम भाकरी यांनी प्रत्येक आजार बरा होतो असे मी म्हणत नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येते, नंबर जवळ ठेवा आणि मित्रांना द्या. माझे भांडण इतकेच आहे की समुपदेशक नेमून मेस बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात सांगितले की जगात सहापैकी एक माणूस एकटेपणाने त्रस्त आहे. जगाला हे आता कळते आहे. भगवंतांनी आळवीच्या भुकेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घालायला लावले आणि मग धम्म सांगितला. आजारी भिक्खूकडे कुणी फिरकत नाही हे पाहून स्वतः आनंदाबरोबर त्याला धुतले-पुसले. हे प्रवचनात सांगण्यापुरते राहिले आहे.

कारण दोष फक्त सरकारचा नाही. आपल्या विहारांकडे पाहा. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या मागच्या खोलीत पन्नास-शंभर माणसांचा भात शिजेल अशी पातेली आहेत, पाच-सहा डझन ताटल्या आहेत, मोठी शेगडी आहे. वर्गणीतून घेतलेली, दात्यांची नावे कोरलेली. ती चौदा एप्रिलला बाहेर निघतात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निघतात, बुद्धपौर्णिमेला खिरीसाठी निघतात आणि पुन्हा कुलूप लागते. त्याच विहाराच्या पुढच्या खोलीत अभ्यासिका असते, तिथे पंधरा-वीस मुले-मुली रात्री अकरापर्यंत बसतात आणि दुपारी बिस्किटाचा पुडा फोडतात. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात या मुलांचे किती दिवसांचे वरण-भात, अंडी आणि पालेभाजी होईल, हे प्रत्येक जयंती समितीच्या खजिनदाराने आपल्या वहीत मांडून पाहावे. आठवड्यातून तीन दिवस, मुलांनी आणि मुलींनीही पाळीपाळीने शिजवायचे, म्हणजे पुन्हा सगळे बायांवर पडणार नाही. ताटल्या मोजायला एक रजिस्टर ठेवायचे. कोण आले नाही ते त्यात लगेच दिसते.

किल्ली बहुतेक ठिकाणी अध्यक्षांकडे असते.